तापात रक्तातले लोह का घटते?

उन्हाळ्यात दूध तापवायचे राहिले, तर दुपारपर्यंत नासते. सकाळचे वरण रात्री आंबते. कोपऱ्यावरच्या दुकानात पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये रचलेली अंडी मात्र फ्रिजशिवायही बरेच दिवस टिकतात. अंड्यात पाणी आहे, प्रथिने आहेत आणि कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे आहेत. जंतूंना याहून चांगली मेजवानी कुठली? तरीही कवचातून आत शिरलेले बहुतेक जंतू अंड्याच्या पांढऱ्या भागातच उपाशी अडकून पडतात.

याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक मोठे कारण १९४४ मध्ये आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले. रक्ती आव घडवणारा शिगेला हा जंतू वाढवायच्या द्रावणात त्यांनी कच्च्या अंड्याचा पांढरा भाग मिसळला. जंतूची वाढ थांबली. मग वेगवेगळी पोषक द्रव्ये घालून पाहिली, तरी फरक पडेना. लोह घातले आणि जंतू पुन्हा वाढू लागला. अंड्याचे बहुतेक सगळे लोह बलकात असते. पांढऱ्या भागात जे थोडेफार असेल, ते तिथले एक प्रथिन घट्ट पकडून ठेवते. अंडी धुण्याच्या पाण्यात लोह जास्त असेल, तर ती लवकर नासतात, हेही पुढे दिसून आले. दोनच वर्षांनी, १९४६ मध्ये, याच दोघांनी माणसाच्या रक्तातही असेच लोह धरून ठेवणारे प्रथिन असल्याचे दाखवले. आज ते ट्रान्सफेरिन या नावाने ओळखले जाते.

हा विषय प्रयोगशाळेपुरता असता, तर त्याची चर्चा इथे करण्याचे कारण नव्हते. पण रुग्णालयांतल्या एका नेहमीच्या सवयीशी त्याचा थेट संबंध आहे. तापाने फणफणलेल्या रुग्णाचा रक्ताचा रिपोर्ट येतो, हिमोग्लोबिन कमी, लोह कमी. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, रक्त वाढायची सलाईन लावा.’ आणि अनेकदा ती लावलीही जाते. ही सवय बदलायला हवी. ती का, हे माणसापेक्षा प्राण्यांनी अधिक स्पष्टपणे शिकवले आहे.

सगळ्यांनाच हवे असलेले लोह

श्वसनातून ऊर्जा मिळवायला आणि नवा डीएनए तयार करायला जवळजवळ प्रत्येक सजीवाला लोह लागते. जंतूही त्याला अपवाद नाहीत. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढे. त्यातले सुमारे दोन-तृतीयांश तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये, तर बरेचसे यकृतात आणि इतर पेशींत साठवलेले असते. रक्तातून फिरणारे लोह जेमतेम ३ मिलिग्रॅम. तेही मोकळे नसते, ट्रान्सफेरिनच्या ताब्यात असते. निरोगी माणसात ट्रान्सफेरिनच्या जेमतेम एक-तृतीयांश जागा भरलेल्या असतात. बाकीच्या रिकाम्या ठेवण्यात शहाणपण आहे, कारण कुठून लोह सुटलेच, तर ते लगेच उचलता येते. जंतूच्या हाती काही लागत नाही.

दुधात, अश्रूंत, लाळेत लॅक्टोफेरिन नावाचे दुसरे प्रथिन हेच काम करते. बाळंतिणीच्या पहिल्या चिकात ते भरपूर असते. गाय आटवली, की काही दिवसांतच तिच्या कासेत लॅक्टोफेरिनचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. आटवल्यानंतरच्या मधल्या काळात ई. कोलाय जंतूमुळे होणारा कासदाह कमी दिसतो, त्यामागे हेही एक कारण मानले जाते.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. अनेक जंतू सिडरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात. हे रेणू ट्रान्सफेरिनच्या हातातून लोह हिसकावतात आणि जंतूकडे परत आणतात. त्यावर प्राण्यांच्या शरीराने उपाय काढला, लिपोकॅलिन-२ नावाचे प्रथिन. ते लोहासकट सिडरोफोरच पकडून ठेवते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे प्रथिन नसलेले उंदीर ई. कोलायच्या संसर्गाला सहज बळी पडले. त्यावर साल्मोनेलाने आपल्या सिडरोफोरला साखरेचे रेणू चिकटवून त्याचे रूप असे बदलले, की लिपोकॅलिनला तो पकडताच येत नाही. लाखो वर्षे चाललेली ही रस्सीखेच आहे. माकडे, वानर आणि माणूस यांच्या ट्रान्सफेरिनची तुलना केली, तर जंतू ज्या जागी येऊन चिकटतात, नेमक्या त्याच जागी ते प्रथिन भराभर बदलत आलेले दिसते.

सरड्याचा ताप

अमेरिकेच्या वाळवंटात डेझर्ट इग्वाना नावाचा सरडा असतो. तो थंड रक्ताचा, म्हणजे स्वतःच्या शरीरात उष्णता निर्माण करून ताप आणू शकत नाही. पण संसर्ग झाला, की तो उन्हात जाऊन बसतो आणि शरीराचे तापमान वाढवून घेतो. १९७०च्या दशकात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सरड्यांना एरोमोनास जंतूचा संसर्ग केला. ज्यांना उबेत राहता आले, ते जास्त संख्येने जगले. पुढे असे लक्षात आले, की संसर्ग झालेल्या सरड्यांच्या रक्तातले लोहही घटते. आजारी सरड्यांना बाहेरून लोह दिले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाढले.

१९७९ मध्ये हाच प्रश्न सशांवर तपासला गेला. जंतू होता पाश्चुरेला मल्टोसिडा. आपल्याकडे गाईम्हशींना होणारा घटसर्प याच जंतूच्या काही प्रकारांमुळे होतो. तापाच्या तापमानाला हा जंतू भरपूर लोह असेल तर मजेत वाढतो. लोह कमी आणि तापमान जास्त अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की मात्र त्याची वाढ खुंटते. म्हणजे ताप आणि लोहाची टंचाई हे एकाच बचावाचे दोन भाग आहेत. ताप येणे आणि लोह घटणे या दोन्हींना सरसकट आजाराचे दुष्परिणाम समजणे चूक ठरेल.

ही टंचाई शरीर घडवते कशी, याचे उत्तर या शतकाच्या सुरुवातीला मिळाले. यकृत हेपसिडिन नावाचे एक छोटे संप्रेरक तयार करते. रोज म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी मोडून भक्षक पेशी त्यांतले २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा रक्तात सोडतात. अन्नातून मात्र रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम मिळते. लोह ज्या दारातून पेशीबाहेर पडते, त्याला हेपसिडिन आतून कडी घालते. संसर्गाची चाहूल लागली, की हेपसिडिन वाढते. रक्तात फिरणारा साठा मुळातच ३ मिलिग्रॅमचा, तोही दिवसातून अनेकदा खर्च होऊन भरला जाणारा. त्यामुळे दार बंद झाले, की काही तासांतच रक्तातले लोह उतरते. लोह शरीरातून कुठे गेलेले नसते. ते गोदामात कुलूपबंद असते.

प्लेगचा दुबळा जंतू

कुलूप नसेल तर काय होते? १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ज्याने हाहाकार माजवला, त्या प्लेगच्या जंतूकडे पाहा. त्याच्याकडेही लोह मिळवण्याची स्वतःची जबरदस्त यंत्रणा असते. ही यंत्रणा गमावलेले काही दुबळे वाण प्रयोगशाळेत आहेत. उंदरांना ते एरवी मारू शकत नाहीत. पण १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॅक्सन आणि बरोज यांनी उंदरांना जंतूबरोबर लोहही टोचले आणि हेच दुबळे वाण जीवघेणे ठरले. जंतू होता तोच होता, फक्त त्याला अन्न मिळाले होते.

पन्नासहून अधिक वर्षांनी, २००९ मध्ये, शिकागोतला ६० वर्षांचा एक संशोधक अशाच दुबळ्या वाणावर काम करताना प्लेगने दगावला. या वाणाने माणसाला मारल्याचे कुणी ऐकले नव्हते. शवविच्छेदनानंतर उलगडा झाला. त्याला हिमोक्रोमॅटोसिस हा आनुवंशिक आजार होता आणि तो हयातीत कुणाच्या लक्षातच आला नव्हता. या आजारात लोह आत येण्यावर अंकुश राहत नाही आणि ते शरीरात साचत जाते. पुढे हाच आनुवंशिक दोष असलेल्या उंदरांवर प्रयोग झाले. त्यांच्यातही हा दुबळा जंतू पुन्हा मारक ठरला.

उबदार समुद्रात आढळणाऱ्या व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचीही हीच कथा. यकृताचा जुना आजार असणाऱ्यांनी किंवा शरीरात लोह साचलेल्यांनी कच्ची कालवे खाऊ नयेत, असे डॉक्टर सांगतात ते यासाठीच. हेपसिडिन नसलेल्या उंदरांना हा जंतू झपाट्याने मारतो. २०१५ मध्ये अशा उंदरांना हेपसिडिनसारखे काम करणारे औषध दिले गेले आणि ते वाचले. इथे औषधाने थेट जंतू मारला नाही. त्याचे ताट ओढून घेतले.

पिलाचे इंजेक्शन

इथवर वाचून कुणाला वाटेल, की लोह म्हणजे विषच. तसे समजणे तितकेच धोक्याचे आहे. ते का, हे डुकराच्या पिलाकडून शिकावे.

पिलू जन्मते तेव्हा त्याच्याकडे लोहाचा साठा फार थोडा असतो. ते इतक्या वेगाने वाढते, की त्याला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून मिळते जेमतेम १. मोकळ्यावर वाढणारे पिलू माती उकरते, त्यातून लोह मिळवते. सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्याला ती सोय नाही. काही न केल्यास दोन-तीन आठवड्यांत ते पांढरेफटक पडते, त्याला धाप लागते, वाढ खुंटते आणि मृत्यूही येतो. म्हणून जगभरच्या वराहपालनात पहिल्या काही दिवसांतच साधारण २०० मिलिग्रॅम लोहाचे इंजेक्शन दिले जाते. त्यामुळे असंख्य पिले वाचतात.

पण याच इंजेक्शनची मात्रा वाढली, ट्रान्सफेरिनच्या सगळ्या जागा भरून गेल्या, तर त्या पिलाच्या रक्तद्रवात ई. कोलाय जोमाने वाढतो, असे प्रयोगांत दिसले. १९७०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पॉलिनेशियन नवजात बाळांना रक्तक्षय टाळण्यासाठी असेच लोहाचे इंजेक्शन दिले जात होते. ई. कोलायमुळे रक्तात जंतुसंसर्ग होणाऱ्या बाळांची संख्या वाढली. इंजेक्शन बंद केल्यावर ती खाली आली. हेतू चांगला होता, औषधही खोटे नव्हते. चुकली ती वेळ, मात्रा आणि द्यायची रीत.

त्याच दशकात सोमालियातल्या भटक्या पशुपालकांमध्ये झालेला अभ्यास १९७८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. लोहाची कमतरता असलेल्या ७१ जणांना लोहाच्या गोळ्या आणि ६७ जणांना नुसत्याच दिसायला सारख्या गोळ्या दिल्या गेल्या. संसर्गाचे प्रसंग लोह घेणाऱ्यांत ३६, तर न घेणाऱ्यांत ७ आढळले. अभ्यास लहान होता आणि क्षयरोग, मलेरिया असे दबून असलेले आजार तिथल्या लोकांत भरपूर होते. त्यामुळे त्याचा निष्कर्ष सगळ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहाच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात आले. त्यातही संसर्गाचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने जास्त दिसला.

सगळेच जंतू एका साच्यातले नसतात, हेही सांगायला हवे. लाइम रोगाचा जंतू लोहावर विसंबून राहतच नाही, मॅंगनीजवर भागवतो. क्षयरोगाचे आणि टायफॉइडचे जंतू तर थेट भक्षक पेशीतच मुक्काम ठोकतात. म्हणजे शरीर ज्या गोदामात लोह कोंडते, तिथेच चोर लपलेला असतो. अशा वेळी लोहाला कडी घालून पुरत नाही. भक्षक पेशींना वेगळे मार्ग वापरावे लागतात. म्हणून लोह कमी करणे हा कुठल्याही संसर्गावरचा घरगुती उपाय होऊ शकत नाही.

रिपोर्ट वाचताना

महाराष्ट्रात रक्तक्षय हा लहान प्रश्न नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांमध्ये आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यांतल्या अनेकांना लोहाची खरोखर गरज आहे. दीर्घकाळ लोह कमी राहिले, तर दमणूक, बाळंतपणातले धोके, मुलांच्या वाढीवर आणि शिकण्यावर परिणाम असे नुकसान होते. रोगप्रतिकारक पेशींनाही लोह लागतेच. तेव्हा ‘लोहाने जंतू वाढतात’ असे ऐकून कुणी सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या कपाटात टाकू नयेत. विशेषतः गरोदर महिलांनी तर अजिबातच नाही.

प्रश्न फक्त वेळेचा आहे. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा तीव्र संसर्ग, रक्तातला जंतुसंसर्ग अशा आजारात दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तात लोह कमी दिसणे अपेक्षितच असते. त्या एका आकड्यावरून कमतरतेचे निदान करता येत नाही. लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन संसर्गात उलट वाढते, त्यामुळे खरी कमतरता झाकली जाऊ शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दोन वेगळ्या सीमा सांगितल्या. निरोगी व्यक्तीत फेरिटिन लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता मानावी. संसर्ग किंवा दाह असेल तर ७०पेक्षा कमी असले, तरी कमतरतेचा विचार करावा. तापात काढलेला फेरिटिनचा रिपोर्ट सीआरपीसारख्या दाह मोजणाऱ्या तपासणीशिवाय वाचणे म्हणजे अर्धेच वाक्य वाचणे.

तीव्र कुपोषित बालकांच्या बाबतीत हा नियम आणखी कडक आहे. अशा मुलाच्या शरीरात प्रथिनेच कमी असतात, त्यामुळे ट्रान्सफेरिनही कमी. सुरुवातीलाच लोह दिले, तर ते धरून ठेवणारे कुणी नसते. म्हणून अशा मुलाला दाखल केल्यावर आधी संसर्ग, साखर आणि शरीराचे तापमान सावरायचे. भूक परतून वजन वाढू लागल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, लोह सुरू करायचे, असे जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत सांगते. रक्तक्षयासाठी मुलांना लोह देण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही ताप, जुलाब, न्यूमोनिया अशा तीव्र आजारात ते औषध तात्पुरते थांबवावे, असे म्हटले आहे.

नियम आहेत, मग अडते कुठे? दोन ठिकाणी. पहिले म्हणजे घाई. सलाईन लावली, की काहीतरी केल्याचे समाधान डॉक्टरलाही मिळते आणि नातेवाइकांनाही. दुसरे, आणि अधिक नुकसान करणारे, म्हणजे विसर. तापात लोह थांबवले, ताप उतरला, रुग्ण घरी गेला आणि लोहाची गोष्ट कुणीच पुन्हा काढली नाही. मग तीच बाई सहा महिन्यांनी आणखी कमी हिमोग्लोबिन घेऊन परत येते. लोह पुढे ढकलणे शास्त्रीय आहे, पण ढकललेले लोह द्यायचेच राहून जाणे हा निव्वळ हलगर्जीपणा ठरतो.

यावर उपाय साधा आणि बिनखर्चाचा आहे. संसर्गामुळे लोह थांबवले असेल, तर डिस्चार्ज कार्डावर तसे स्पष्ट लिहावे आणि त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख घालावी. त्या दिवशी हिमोग्लोबिन, फेरिटिन पुन्हा पाहून लोह सुरू करावे. गावातल्या आशाताईंना ती तारीख कळवावी. नातेवाइकांनीही सलाईनचा आग्रह धरण्याऐवजी ‘लोह कधी सुरू करायचे?’ असे विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. हिमोग्लोबिन धोकादायक पातळीवर उतरले असेल, तर रक्त देण्याचा निर्णय वेगळा असतो. तो अडवू नये. थॅलेसेमियासारख्या आजारात वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. त्यांना साधा तापही अंगावर काढता येत नाही आणि आपणहून लोहाची गोळी घेणे तर त्यांनी टाळावेच.

जंतूंच्या या भुकेचा उपयोग आता औषधांतही होऊ लागला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सेफिडेरोकोल हे प्रतिजैविक लोहाला चिकटते. हावरा जंतू लोह समजून ते स्वतःच आत ओढून घेतो आणि मरतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या काही जंतूंवर ते उपयोगी पडते. पण ते महागडे, निवडक रुग्णांसाठीचे शस्त्र आहे. फुकटचे शस्त्र शरीराने आधीच दिलेले आहे. सरडा उन्हात जाऊन बसतो तेव्हा त्याच्या रक्तातले लोह आपोआप कुलपात जाते. आजारी माणसाचेही तसेच होते. ताप उतरेपर्यंत ते कुलूप उघडण्याची घाई करू नये आणि ताप उतरल्यावर ज्याला लोह हवे आहे, त्याला ते द्यायला विसरू नये.